घराचा धनी आणि कर्माचा कर्ता

घर भाड्याने देणे-घेणे हा व्यवहार आधुनिक शहरांबरोबर जन्माला आला, असे पुष्कळांस वाटते. पण वस्तुस्थिती तशी नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात वास्तुविषयक वादांचा विचार करताना भाड्याला ‘अवक्रय’ असा शब्द योजून त्याचे नियम सांगितले आहेत. घर सोडण्यास सांगितल्यावरही जो सोडीत नाही त्याला दंड. आणि ज्याने भाडे भरले आहे त्याला बळाने बाहेर काढणाऱ्या मालकालाही दंड. दंडाची रक्कम दोघांनाही सारखीच, बारा पण. शिवीगाळ वा मारहाण, चोरी, दांडगाई, परस्त्रीविषयक अपराध किंवा खोट्या हक्काने उपभोग, असे काही घडले असेल तर गोष्ट वेगळी. जो आपण होऊन मध्येच निघून जातो त्याने मात्र वर्षाचे राहिलेले भाडे भरावे. मालकाला मोकळे सोडलेले नाही आणि भाडेकरूलाही नाही.

या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, आणि गृहीत असल्यामुळेच ती बोलून दाखविलेली नाही. मालक हा मनुष्य आहे, हे ते गृहीत होय. त्याच्या दारावर भाडेकरूला थाप मारता येते. बारा पण भरताना त्याच्या जिवाला चुटपूट लागते. चार शेजाऱ्यांसमोर त्याला खाली मान घालावी लागते. आजच्या जगातील मोठमोठ्या नगरांत हे गृहीत फारसे उरलेले नाही. घराचा मालक एक कंपनी असते, त्या कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिच्या पाठीशी एखादा निधी, आणि त्या निधीच्या पाठीशी लक्षावधी लोकांची बचत. भाडेकरूला ठाऊक असतो तो दूरध्वनीचा एक क्रमांक आणि खिडकीपलीकडचा एक कारकून. अशा घराचे भाडे एकाएकी वाढले, चाळीस वर्षे तेथे राहिलेल्या वृद्धेला नोटीस आली, तर ते कर्म कोणाचे? हा प्रश्न कायद्याचा आहे खराच. परंतु त्याआधी तो धर्माचा आहे.

नुसत्या तर्काने तो नीट उमगणार नाही. त्यासाठी घडलेले एक उदाहरण सविस्तर पाहणे बरे.

न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन बेटाच्या पूर्वेस स्टायव्हेसंट टाउन आणि त्याला लागूनच पीटर कूपर व्हिलेज अशा दोन वसाहती आहेत. तांबूस विटांच्या ११० इमारती, सुमारे ८० एकर जागा आणि ११,२०० हून अधिक घरे. मेट्रोपोलिटन लाइफ या विमा कंपनीने त्या बांधल्या व १९४७ पासून तेथे कुटुंबे राहू लागली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना आणि मध्यम मिळकतीच्या लोकांना शहरात राहता यावे, म्हणून स्टायव्हेसंट टाउनसाठी नगरशासनाने कंपनीला २५ वर्षांची करसवलत दिली. मोबदल्यात भाडी मर्यादित ठेवण्याची अट होती.

हा जुना मालक कोणी साधुपुरुष नव्हता. वसाहत उभारताना त्या जागेवरील सुमारे ११,००० गरीब रहिवाशांना उठवण्यात आले. नव्या घरांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९४९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चारास तीन अशा मताधिक्याने कंपनीचीच बाजू उचलून धरली. पुढे १९५१ मध्ये नगरशासनाने कायदा केला आणि तेव्हा कोठे दार किलकिले झाले. मागचा काळ तेवढा चांगला, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. तथापि एक भेद लक्षात घ्यावा. तो अन्याय कोणी केला हे सर्वांना ठाऊक होते. तेथील गोऱ्या भाडेकरूंपैकीच काहींनी समिती स्थापून आपल्या मालकाला जाब विचारला, आणि त्यापायी घर गमावण्याचा धोका पत्करला. जाब विचारायला समोर कोणीतरी होते, म्हणून हे घडू शकले.

पुढे काळ पालटला. विमाधारकांच्या सामाईक मालकीची ती कंपनी २००० मध्ये भागधारकांची झाली, आणि २००६ मध्ये तिने ही सारी वसाहत लिलावात काढली. भाडेकरूंनी स्वतः एकत्र येऊन सुमारे ४५० कोटी डॉलरांची बोली उभी केली. पण वसाहत गेली ती टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक या दोन कंपन्यांच्या जोडीकडे, ५४० कोटी डॉलरांना. अमेरिकेत एका मिळकतीचा एवढा मोठा सौदा तोवर झालेला नव्हता. यातील बहुतेक पैसा कर्जाचा होता, आणि येणाऱ्या भाड्यातून खर्च वजा जाता जे उरे त्यात त्या कर्जाचे निम्मे व्याजही फिटत नव्हते.

मग शहाण्यासुरत्या माणसांनी हा सौदा केला कसा? येथेच सारी मेख आहे. बहुतांश घरे भाडेनियमनाच्या कायद्याखाली होती. पण त्या वेळच्या कायद्यात अशी तरतूद होती की, भाडेकरू निघून गेला आणि भाडे ठरावीक मर्यादेवर पोहोचले म्हणजे ते घर नियमनातून सुटे आणि मग मागाल ते भाडे घेता येई. म्हणजे सौद्याचा नफा विटांत नव्हता की जमिनीत नव्हता. तो जुन्या भाडेकरूंच्या जाण्यात होता. अशा सौद्याच्या हिशेबात ‘म्हाताऱ्यांना हाकला’ असे कोणी लिहीत नाही. लिहावे लागतही नाही. दरवर्षी इतकी घरे रिकामी होतील, असा एक आकडा मांडला की झाले. त्या आकड्यात कोणाचे तरी घर सोडणे आधीच मोजलेले असते. नंतर ते घडवून आणणे एवढेच काम उरते.

आणि ते घडवून आणण्याचे प्रयत्न झाले. हे तुमचे मुख्य निवासस्थान नाही, सबब करार पुढे चालणार नाही, अशा नोटिसा शेकडो भाडेकरूंच्या हाती पडल्या. दशकानुदशके तेथेच राहिलेल्या माणसांना आपण आपल्याच घरात राहतो हे सिद्ध करण्यासाठी विजेची देयके व करांचे कागद धुंडाळावे लागले. पुष्कळ प्रकरणांत मालकालाच माघार घ्यावी लागली. पण दरम्यानच्या रात्री त्या माणसांनी कशा काढल्या असतील, याची नोंद कोणत्याही हिशेबवहीत होत नसते. ऑक्टोबर २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, दुरुस्तीसाठी करसवलत घेत असताना घरे नियमनातून काढणे बेकायदा होते. ही चूक जुन्या मालकाच्या काळापासून चालत आली होती. सुमारे ४,४०० घरांचा हा प्रश्न होता, आणि पुढे तडजोड होऊन जास्त घेतलेल्या भाड्यापैकी ६ कोटींहून अधिक डॉलर परत करावे लागले. जानेवारी २०१० मध्ये कर्जाचे हप्ते थकले आणि वसाहत सावकारांच्या स्वाधीन झाली.

बुडाले कोण? कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी सेवकांच्या निवृत्तिवेतन निधीचे ५० कोटी डॉलर बुडाले. फ्लोरिडा राज्याच्या निधीचे २५ कोटी गेले. इंग्लंडच्या धर्मपीठाचेही सुमारे ४ कोटी पौंड गेले. सौदा जमविणाऱ्या कंपनीचा स्वतःचा पैसा त्या मानाने थोडाच होता. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. भाडेकरूंनी ज्या मालकाचा एवढा धसका घेतला होता, त्याच्या चेहऱ्यावरचा पडदा दूर केला तर आत दिसतात ते कोणी लक्ष्मीपुत्र नव्हेत. दिसतात निवृत्त कारकून, अग्निशामक दलातले शिपाई आणि धर्मोपदेशक. त्यांतील कित्येक स्वतः कोठेतरी भाड्याच्या घरात राहत असतील.

आता विचाराकडे वळू. येथे पहिला पूर्वपक्ष असा येतो: कंपनी ही जीव नव्हे, तिला अंतःकरण नाही, म्हणून धर्माधर्माचा प्रश्न तिला लागूच होत नाही. इंग्रजी कायद्याने १८५५ मध्ये भागधारकाचे दायित्व त्याच्या भागापुरते मर्यादित केले, आणि कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी व्यक्ती आहे हे १८९६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निःसंदिग्धपणे ठरविले. व्यापाराच्या दृष्टीने ही योजना उपयुक्त ठरली यात शंका नाही. आगगाड्या आणि कारखाने तिच्यामुळेच उभे राहिले. परंतु दायित्व मर्यादित झाले ते ऋणाचे. पापपुण्याचे दायित्व मर्यादित करण्याचा अधिकार कोणत्याही संसदेला नाही, आणि तसा दावा त्या संसदेनेही केलेला नाही.

आपल्या शास्त्रकारांना अनेकांनी मिळून केलेले कर्म अपरिचित नव्हते. भागीदारीच्या व्यवहाराला त्यांनी ‘संभूय-समुत्थान’ असे नाव देऊन तो स्वतंत्र व्यवहारपद म्हणून मांडला. लाभ आणि हानी भागांच्या प्रमाणात, असे ठरविले. त्याहून मोलाचे विधान आपस्तंबाच्या धर्मसूत्रात आहे. कर्म करविणारा, त्याला संमती देणारा आणि प्रत्यक्ष करणारा, हे तिघेही त्याच्या बऱ्यावाईट फळाचे वाटेकरी होतात, आणि त्यांत ज्याचा पुढाकार अधिक त्याला फळही अधिक, असे तो सांगतो. व्याकरणातही हीच दृष्टी आहे. पाणिनीने जो स्वतंत्र त्याला कर्ता म्हटले. पण लगेच पुढे, त्याला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्त्याच्याच पंगतीला बसविले. कर्म वाटले गेले तरी कर्तृत्व विरून जात नाही, ही गोष्ट वैयाकरणाला कळली तशी धर्मशास्त्रकारालाही कळली होती.

दुसरा पूर्वपक्ष अधिक सूक्ष्म आहे, आणि गीतेच्या वाचकाने त्याच्याविषयी विशेष सावध राहावे. कारण तो गीतेचीच भाषा बोलतो. वरच्या मजल्यावर बसलेला व्यवस्थापक म्हणतो: यात माझे काय आहे? मी केवळ निमित्त. भागधारकांनी सोपविलेले कर्तव्य मी रागद्वेष न ठेवता पार पाडतो. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. कर्ता त्यांतला एक. मग सारा भार माझ्या एकट्याच्या शिरी का?

हे ऐकायला शास्त्रशुद्ध वाटते. पण अर्जुनाला निमित्त होण्यास सांगितले गेले त्याआधी काय घडले, हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते. युद्धाला तोंड लागण्यापूर्वी त्याने रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेण्यास सांगितले. कशासाठी? ज्यांच्याशी लढायचे आहे त्यांना पाहण्यासाठी. त्याने आजोबांना पाहिले, गुरूंना पाहिले, आणि त्याचे हातपाय गळाले. त्या विषादातून गीता निघाली. आजच्या या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, तीत रथ मध्यभागी कधी जातच नाही. नोटीस सही करणाऱ्याला घर दिसत नाही; घर पाहणाऱ्याला सही करण्याचा अधिकार नसतो. जो पैसा देतो त्याला दोन्ही दिसत नाहीत. विषाद होऊच नये अशी ही रचना आहे; आणि ज्याला विषाद कधी झालाच नाही, त्याने निमित्तमात्रतेची भाषा बोलू नये. पाच कारणांचा उपदेश कर्त्याचा अहंकार उतरविण्यासाठी आहे, त्याचे देणे बुडविण्यासाठी नव्हे. शिवाय वर्षअखेरीस नफ्यातला हिस्सा हाती पडतो तेव्हा हेच गृहस्थ पाचही कारणे विसरून एकटे पुढे होतात, हेही पाहण्यासारखे आहे!

त्याच अध्यायात तामस कर्माचे लक्षण येते. पुढे काय परिणाम होईल, नाश किती होईल, कोणाला पीडा होईल आणि आपले सामर्थ्य किती, यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. २००६ च्या त्या सौद्याला हे लक्षण अक्षरशः लागू पडते. परिणाम पाहिला नाही, भाडेकरूंची पीडा मोजली नाही, आणि सामर्थ्य तर सगळे उसने होते.

आता राहिला तो निधीचा मूळ धनी, म्हणजे निवृत्तिवेतनाची वाट पाहणारा साधा मनुष्य. त्याला दोष देताना जीभ अडखळते, आणि अडखळावीच. त्याने आयुष्यभर नोकरी केली. पगारातून कापलेले पैसे कोठे गुंतविले जातात हे त्याला विचारून ठरत नाही. तथापि त्याच्या स्थितीचे तात्त्विक स्वरूप पाहिले म्हणजे मन चकित होते. गीता सांगते की कर्म करावे आणि फळाची आसक्ती सोडावी. येथे नेमके उलट झाले आहे: कर्म सोडले आहे आणि फळ तेवढे धरून ठेवले आहे. घर बांधले नाही, झाडले नाही, गळके छप्पर पाहिले नाही, भाडेकरूचे नाव ठाऊक नाही. पण दरसाल इतके टक्के आले पाहिजेत, ही अपेक्षा पक्की. क्लेश नकोत म्हणून केलेल्या त्यागाला गीतेने राजस म्हटले आहे, आणि मोहाने केलेल्याला तामस. या त्यागात दोन्हींचा थोडथोडा अंश आहे. तो दुष्टपणाने केलेला नाही, एवढे खरे. पण आपस्तंबाच्या त्या तिघांपैकी संमती देणाऱ्याच्या जागी हा मनुष्य बसतो, आणि त्याचा वाटा लहान असला तरी शून्य नाही.

अलीकडे या साखळीत आणखी एक कडी आली आहे. अमेरिकेतील अनेक मोठ्या घरमालक कंपन्या कोणत्या घराला किती भाडे लावावे हे संगणकाच्या आज्ञावलीला विचारू लागल्या. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मालकांची खाजगी माहिती एकत्र करून ही आज्ञावली भाडे सुचविते व त्यामुळे स्पर्धाच मारली जाते, असा आरोप ठेवून तेथील न्यायखात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये अशी आज्ञावली पुरविणाऱ्या कंपनीवर दावा लावला. कायद्याचा भाग बाजूला ठेवू. पूर्वी कारकून म्हणे, ‘वरून हुकूम आहे’. आता वरचाही म्हणू शकतो, ‘यंत्राने सांगितले.’ पण यंत्राला प्रश्न कोणी घातला? भाडे किती झेपेल असा घातला की किती मिळू शकेल असा? प्रश्न घालणारा तो प्रयोजक, मग उत्तर कोणीही देवो.

या साऱ्यावरून भाडेकरूचा पक्ष तेवढा धर्माचा, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. मुंबईचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकाला ठाऊक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यक होते. पण पुढे अर्धशतक लोटले, वस्तूंचे भाव कोठल्या कोठे गेले, आणि भाडी जवळजवळ तेथेच राहिली. छप्पर शाकारण्याएवढेही भाडे न आल्यामुळे मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. आणि ज्यांना दोनशे रुपयांत राहायला मिळे तेच पागडी घेऊन जागा तिसऱ्याच्या हवाली करताना लाखांच्या गोष्टी बोलू लागले. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावे लागले की, ज्या तरतुदी आरंभी न्याय्य होत्या त्या काळाच्या ओघात न्याय्य उरल्या नाहीत. कौटिल्याने दोघांनाही बारा पणच दंड सांगितला, त्यामागचा विवेक येथे आठवतो. फरक एवढाच की, मुंबईच्या चाळीत मालक आणि भाडेकरू एकमेकांना तोंडावर बोलू शकत होते, आणि बोलतही होते. कधी कधी नको तेवढे.

हरवलेल्या मालकाला शोधण्याचे प्रयत्न अन्यत्रही झाले आहेत. बर्लिनमध्ये बहुसंख्य लोक भाड्याच्या घरांत राहतात. तेथील शासनाने २००४ मध्ये आपल्या मालकीची सुमारे ६५,००० घरे एका गृहनिर्माण कंपनीसकट परकीय गुंतवणूकदारांना विकली. पुढे ती या हातातून त्या हातात गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये, ज्या कंपन्यांकडे तीन हजारांहून अधिक घरे आहेत त्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत काय, असा कौल घेण्यात आला, आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी होकार दिला. मालमत्तेबरोबर कर्तव्यही येते, असे जर्मनीच्या १९४९ च्या राज्यघटनेतच म्हटलेले आहे. तो कौल शासनावर बंधनकारक नव्हता, आणि त्यानंतरची वर्षे चर्चेतच गेली. मालकी शासनाकडे गेल्याने मालकाला चेहरा मिळतोच असेही नाही; सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

त्या न्यूयॉर्कच्या वसाहतीची पुढची हकीकत एवढीच की, २०१५ मध्ये ती पुन्हा विकली गेली, सुमारे ५३० कोटी डॉलरांना. या वेळी ५,००० घरे वीस वर्षे मध्यम मिळकतीच्या लोकांना परवडतील अशी ठेवण्याचा करार नगरशासनाने करून घेतला. घेणाऱ्या जोडीतील एक भागीदार कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या निवृत्तिवेतनाचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेची शाखा होती. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, भाडेकरू गेला की घर नियमनातून सुटण्याची ती वाटही राज्याने बंद केली.

आणि कॅलिफोर्नियातील त्या निधीने? ५० कोटी डॉलर बुडाल्यानंतर, २०१० मध्ये, त्याने आपले धोरण बदलले. नियमित भाड्याच्या घरांतून लोकांना बाहेर काढण्यावर ज्या सौद्याचा नफा अवलंबून आहे, अशा सौद्यात यापुढे पैसा घालावयाचा नाही, असे त्याने ठरविले. म्हणजे संमती देणारा हाही वाटेकरी असतो, हे त्या निधीने कबूल केले. सौदा फायद्याचा ठरला असता, ते ५० कोटी दुपटीने परत आले असते आणि निवृत्त कारकुनांच्या हाती वेळच्या वेळी पडले असते, तरीही हा ठराव झाला असता काय?